विश्लेषण : ‘प्रभात’चे दामलेमामा कोण होते? स्वस्तातले होम थिएटर घेताना त्यांचे काम का आठवावे?

आषाढात तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत येते. काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीत अश्वांचे रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढे सराटी. या वाटेवरच्या घरांत वारीच्या दिवसांत ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा चित्रपट पुन्हा बघावा, असे कोणाला ना कोणाला वाटतेच. टीव्ही आता चांगला मोठा असतो, पण पातळ असल्याने त्याचा आवाजही पातळ. मग भिगवण रस्त्यावरच्या नाहीतर इंदापूरच्या बाजारातल्या दुकानातून पाच-सात हजारांत पाच डबे आणि एक मोठा डबा असा ‘५.१’ संच घरी येतो. दुकानात छाती दणाणते. घरी मात्र आजोबा विचारतात, तुकोबा काय म्हणाले?

पैसे गेले आणि शब्दही गेले, असे का होते? याचे उत्तर ज्या माणसाच्या आयुष्यात सापडते, तो या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक होता. विष्णुपंत गोविंद दामले. ‘प्रभात’मधल्या सगळ्यांचे दामलेमामा.

दामले मूळचे कुठले? चित्रपटात कसे आले?

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण येथे झाला. तरुणपणी ते कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंच्या सहवासात आले. हे दोघे नाटकांचे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते. दामलेही पडदेच रंगवत. पण या मंडळींना रंगापेक्षा यंत्राचे वेड अधिक. परदेशी कॅमेरा परवडत नाही, तर आपणच बनवू, असा ध्यास त्यांनी घेतला. आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि त्या खटपटीत दामले यांचा हात होता. लेथवर भाग कातायचे, बसवून बघायचे, चुकले की पुन्हा कातायचे, अशी ही शाळा होती.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले यांना शेख फत्तेलाल भेटले. चित्रकार, कलादिग्दर्शक, मितभाषी. ‘प्रभात’मध्ये पुढे त्यांना साहेबमामा म्हणत. एक कोकणातला ब्राह्मण, एक कोल्हापूरचा मुसलमान. आणि मराठीतले सर्वांत गाजलेले संतपट या जोडीने केले. आज हे मुद्दाम सांगावे लागते, त्या काळी कोल्हापुरात त्याचे कोणाला विशेष वाटले नसावे. १९२८ मध्ये दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला.

पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी बाबूरावांची कंपनी सोडून ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. भांडवलाची बाजू सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी सांभाळली. तुतारी फुंकणारी स्त्री हे कंपनीचे बोधचिन्ह. गंमत अशी, की ही तुतारी सुरुवातीला मुकीच होती. प्रभातचे पहिले सहा चित्रपट मूकपट आहेत.

मुक्या चित्रपटाला आवाज कसा मिळाला?

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि देशभरातल्या मूकपट कंपन्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : बोलायला शिकायचे की बंद करायचे? प्रभातने बोलायचे ठरवले. ‘अयोध्येचा राजा’ हा त्यांचा पहिला बोलपट १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत आला. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे पडद्यावर होते, दिग्दर्शन शांतारामांचे होते. आणि ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांनी उचलली.

वय चाळिशीला टेकलेले. पडदे रंगवून, कॅमेरा उघडून-जोडून शिकलेला माणूस आता न दिसणारी गोष्ट पकडायला बसला.

ते काम किती अवघड होते, हे कळण्यासाठी तेव्हाची पद्धत समजून घ्यावी लागेल. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो. त्या विजेच्या चढउताराप्रमाणे एका बारीक प्रकाशझोतात बदल होतो आणि तो झोत फिल्मच्या कडेला एक अरुंद पट्टी उमटवतो. चित्रपटगृहात नेमके उलटे : पट्टीतून प्रकाश जातो, त्याची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज. फिल्म सेकंदाला बरोबर २४ चौकटी पळाली पाहिजे. वेग थोडा डळमळला तरी गाणे बेसूर. प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवण्याची जागा आणि आवाज वाचण्याची जागा वेगळी असते, म्हणून आवाजाची पट्टी त्या-त्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापतात. हा हिशेब चुकला, तर राणीचे ओठ आधी हलणार आणि शब्द मागून येणार.

पार्श्वगायन अजून रुळायचे होते. गाणे कॅमेऱ्यासमोरच म्हणायचे, तबला-ऑर्गनवाले चौकटीच्या बाहेर लपवायचे आणि एकाच मायक्रोफोनने सगळे टिपायचे. वादक जवळ बसले तर शब्द बुडतात, लांब बसले तर गाणे कोरडे होते. कॅमेऱ्याची घरघर आहेच. भिंतींवरून परत येणारा आवाजही आहे; तो मारायला त्या काळच्या स्टुडिओंमध्ये जाड कापड, ब्लँकेट टांगत. आजच्यासारखे नंतर संगणकावर निस्तरायची सोय नव्हती. शब्द आणि सूर यांतले कोण किती पुढे, हे ध्वनिमुद्रकाला जागच्या जागी ठरवावे लागे.

दामले यांनी ठरवले ते शब्दाच्या बाजूने. प्रभातचे चित्रपट आज, नव्वदेक वर्षांनी, खरखर वजा करून ऐका. वाक्य बहुधा पहिल्या फेरीत कळते. त्या काळच्या सगळ्याच चित्रपटांबद्दल असे म्हणता येत नाही.

चित्रपटगृहात तेव्हा किती स्पीकर असत?

आवाज होता एकाच वाटेचा, म्हणजे मोनो. स्पीकरही पडद्याच्या मागे, मधोमध. पडद्याला बारीक छिद्रे असत, त्यातून आवाज बाहेर येई. पात्र डावीकडे असो वा उजवीकडे, आवाज मधूनच. तरी कोणाची तक्रार नव्हती. डोळा ज्या तोंडाकडे बघतो तिथूनच शब्द आला असे कान मानून घेतो.

त्या पट्टीत अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर फारसे मावतही नसत. मावायची ती मधली पट्टी, आणि माणसाचे बोलणे मुख्यतः तिथेच असते. आपल्या गोष्टीतला कळीचा मुद्दा हाच आहे. ‘संत तुकाराम’मध्ये सबवूफरला करण्यासारखे फारसे कामच नाही आणि मागच्या दोन स्पीकरांना तर काहीच नाही. तरीही ते डबे वाजत असतील, तर ते मूळ फिल्मवर नसलेले काहीतरी वाजवत आहेत.

‘संत तुकाराम’मध्ये दामले यांनी काय केले?

१९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली. तिथे दामले आणि फत्तेलाल यांनी पुन्हा जोडीने दिग्दर्शन हाती घेतले. शिवराम वाशीकर यांची पटकथा, केशवराव भोळे यांचे संगीत. तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस. पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करून आलेले; मवाळ चेहऱ्याचा, भजनी आवाजाचा हा माणूस तुकोबा म्हणून चालेल का, अशी शंका तेव्हा घेतली गेली. चित्रपट आल्यावर पुढच्या कित्येक पिढ्यांच्या मनात तुकोबांना पागनीसांचाच चेहरा बसला. आवली करणारी गौरी ही प्रभातमध्ये साध्या कामाला असलेली बाई. तिचा आवाज खणखणीत, रांगडा. पागनीसांचा तरल आवाज आणि गौरीचा खरखरीत आवाज समोरासमोर आले, की संसार आणि परमार्थ यांचे भांडण कानालाच कळते. ध्वनी कळणारा दिग्दर्शक असल्याचा हा फायदा.

चित्रपटातले बोलणे कधी संपते आणि गाणे कधी सुरू होते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. नट काम करता करता पुटपुटतो, पुटपुटण्याचे गुणगुणणे होते, गुणगुणण्याचा अभंग. अभंगही सगळे तुकोबांचे नाहीत. एक अतिशय गाजलेले गाणे शांताराम आठवले यांनी लिहिले आहे; अनेकांना ते गाथेतलेच वाटते. एवढा विश्वास बसला, तो शब्द स्पष्ट पोहोचले म्हणूनच. अर्धवट ऐकू आलेल्या अभंगाला गाथेत कोण बसवणार?

डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट लागला आणि सलग ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले-फत्तेलाल यांनी पुढे बोलका ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) केला. याच काळात शांतारामांनी प्रभातमध्येच ‘कुंकू’ (१९३७) काढला. त्यात पार्श्वसंगीत नाही, घरातले खरेखुरे आवाज आहेत. प्रभातमध्ये आवाजाचा विचार किती पुढे गेला होता, हे त्यावरून दिसते.

मग आजचे ‘५.१’ म्हणजे काय? ते कधी लागते?

पुढे आवाजाच्या वाटा वाढल्या. ‘शोले’ (१९७५) सत्तर एमएममध्ये दाखवला गेला तेव्हा टाकलेले नाणे प्रेक्षागृहात कुठे पडले, ते लोक मागे वळून बघू लागले. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, मागे किंवा बाजूला दोन, आणि खर्जासाठी एक सबवूफर. यातला मधला स्पीकर बहुतेक संवाद वाहतो. पडद्यामागचा तो जुना स्पीकर नव्या मांडणीतही आपली जागा धरून आहे.

आता स्वस्त संचाची मेख बघा. पाच स्पीकरांना पाच वेगळे आवाज मिळायचे, तर ते टीव्हीकडून संचापर्यंत वेगळे पोहोचले पाहिजेत. त्यासाठी एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल जोडणी लागते आणि संचाला तो आवाज उलगडता आला पाहिजे. कमी किमतीच्या अनेक संचांत फक्त ब्लूटूथ, यूएसबी आणि लाल-पांढऱ्या तारांची सोय असते. या वाटांनी टीव्हीचा आवाज दोन पदरीच जातो. मग संच तेच दोन आवाज पाच डब्यांत वाटतो आणि खोक्यावर ५.१ छापलेले असते. म्हणून संच वळवून त्याची पाठ आधी पाहा. तिथे या दोन्हींपैकी एकही जोडणी नसेल, तर तुम्ही स्टिरिओ संच घेत आहात, वर तीन जादा डब्यांचे पैसे देत आहात. (मागे सहा वेगळ्या तारांची भोके असलेले संच असतात, पण त्यासाठी सहा तारा देणारा जुना डीव्हीडी प्लेअर हवा.)

माझ्या मते दहा हजारांच्या आत बसवायचे असेल, तर एचडीएमआय एआरसी असलेला २.१ साउंडबार किंवा दोन बऱ्या आकाराचे स्पीकर हे बहुतेक घरांना जास्त उपयोगी. तेवढेच पैसे सहा डब्यांत वाटले, की प्रत्येक डब्याच्या वाट्याला कमी येते. हिशेब सरळ आहे. ज्यांना मुख्यतः नवे मारधाडीचे चित्रपट बघायचे आहेत आणि मागे तारा ओढायला जागा आहे, त्यांनी थोडे थांबून, पैसे जमवून खरा ५.१ घ्यावा.

ब्लूटूथवर चित्रपट बघणार असाल तर दामले यांच्या २० चौकटींची आठवण ठेवा. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोहोचतो. काही टीव्ही हा फरक सांभाळून घेतात, काही नाही. गाण्यांना त्याने बिघडत नाही. चेहरा जवळून दिसला की खटकते. टीव्हीला कायम तारच लावावी.

खोक्यावरचे वॉट किती खरे?

पीएमपीओ हा शब्द दिसला की तो आकडा सोडून द्या. क्षणभराच्या कमाल ताकदीचा हा कागदी हिशेब आहे आणि तो मोजायची सर्वमान्य पद्धत नाही. सतत किती ताकद मिळेल ते आरएमएस सांगतो. तुलना त्याचीच करावी. आणखी एक : वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फरक तीन डेसिबलचा पडतो, कानाला थोडासाच. दुप्पट मोठा वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. दहा बाय पंधराच्या खोलीला खरे ४०-५० वॉट आरएमएस पुरतात.

दुकानात नेमके काय ऐकावे?

विक्रेता हेलिकॉप्टरचा नाहीतर डीजेचा तुकडा लावेल. तो वाईट नाही, पण त्यात शब्दच नसतात. तुम्ही आपल्या मोबाइलवरून ‘संत तुकाराम’मधला आवलीचा एखादा प्रसंग लावायला सांगा आणि आवाज कमी ठेवा. घरी रात्री ठेवाल तेवढाच. बेसचे बटण मधोमध. आता वाक्य कळते का? मग ‘कुंकू’मधला एखादा शांत प्रसंग लावा, घरातले बारीक आवाज येतात की सगळे मिळून गुरगुरते?

शक्य असेल तर घरातल्या ज्येष्ठांना बरोबर न्या. वय वाढते तसे आधी वरच्या पट्टीचे ऐकणे कमी होते, आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजने ओळखू येतात ती त्या वरच्या पट्टीमुळे. वर खर्जाचा दणका ठेवला, की उरलेसुरले व्यंजनही त्याखाली झाकले जाते. आजोबा आवाज वाढवायला सांगतात, आपण वाढवतो, त्याबरोबर दणकाही वाढतो आणि शब्द जिथल्या तिथे. बेस कमी केला तर तोच संच त्याच आवाजात कळू लागतो. घरी आधीच घेतलेला संच असेल, तर हा बिनपैशाचा उपाय आजच करून पाहा. रिमोटवर ‘डायलॉग’, ‘न्यूज’ किंवा ‘व्हॉइस’ असे बटण असेल तर तेही.

खोलीचा भागही मोठा आहे. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा, अशा खोलीत आवाज घुमतो. स्टुडिओत ब्लँकेट टांगत तेच घरी करायचे : समोर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीशी गाद्यांची चवड असली तरी चालते. सबवूफर कोपऱ्यात कोंबला की घुमतो. हातभर बाहेर काढा. स्पीकर कपाटाच्या माथ्यावर ठेवू नका, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवेत. आणि पावती घेताना एवढे विचाराच, की दुरुस्तीचे केंद्र बारामतीत आहे की संच घेऊन पुण्याला जावे लागणार. इंदापूरकरांना तर हा प्रश्न आणखी महाग पडतो.

दामले यांचे पुढे काय झाले?

१९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल उभे केले. भागीदारीचा कणा मोडला. युद्धामुळे कच्ची फिल्म मिळणे अवघड झाले होते. १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ने प्रभातला पुन्हा यश दाखवले, पण पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात दामले यांचे निधन झाले. वय ५२. प्रभातच्या १९४६च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पडद्यावर आला, तो चित्रपट बघायला दामले नव्हते. १९५३ मध्ये कंपनीचा कारभार थांबला. फत्तेलाल १९६४ मध्ये गेले.

शांतारामांचे नाव घराघरांत राहिले आणि ते योग्यच होते. दामले यांचे नाव मात्र श्रेयनामावलीत उरले. त्यांच्यावर वीरेंद्र वळसंगकर यांनी केलेल्या माहितीपटाचे नाव ‘बोलपटांचा मूक नायक’ आहे.

पुण्यात प्रभातचा स्टुडिओ होता त्या आवारात १९६० पासून चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण यांच्याबरोबर तिथे ध्वनिमुद्रणाचाही अभ्यासक्रम चालतो.